वहिनीच्या तोंडावरचं फडकं

कॅप्टन आपल्या बायकोच्या तोंडाला फडकं बांधून ठेवतो. तिनं ओरडू नये म्हणून.

ही बातमी आमच्या गल्लीत पसरली तेव्हा तिचा उगम शोधायला मला लांब जावं लागलं नाही. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक शिवणवाली राहते. तिचं मशीन खिडकीशी आहे, आणि तिची नजर सुईवर कमी, समोरच्या घरांवर जास्त असते. तरी तिचा टाका कधी वाकडा जात नाही, हे कबूल करायला हवं. मी पायजम्याची नाडी बदलून घ्यायला गेलो होतो. तिनं आधी दार लोटून घेतलं, मग आवाज खाली आणला.

"काका, डोळ्यांनी पाहिलं मी. खिडकी बंद, चारी कडांना चिकटपट्टी. पण काचेतून दिसतंच. आत दिवा. ती बाई खुर्चीत बसलेली, नाकातोंडावरून घट्ट फडकं बांधलेलं. आणि हा माणूस शेजारी हातात सुरी घेऊन!"

"केवढी सुरी?"

"बारीक."

"मग काय घाबरायचं?"

"बारीक सुरीच जास्त वाईट असते," ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

गप्पांना मी नाही म्हणणारा माणूस नव्हे. पण ही गप मला पचेना, कारण कॅप्टन माझा मित्र. शिवाय माझ्या तोंडातली कवळी त्याच्या हातची. ज्यानं आपले दात केले त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे जरा जपूनच.

आधी हा कॅप्टन कोण ते सांगतो. विमानात तो आयुष्यात बसला नाही. लिफ्टमध्येही त्याला गरगरतं, म्हणून दुसऱ्या मजल्यावर जिन्यानं जातो. धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवायचे आणि हा एका कोंदट कारखान्यात बसून त्या साच्यावर गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात बसवायचा. पावडर आणि एक पातळ औषध कालवून ती हिरडी तयार होते. त्या औषधाचा वास असा, की नवीन माणूस दारातूनच परत फिरायचा. कॅप्टननं त्यात उमेदीची सगळी वर्षं काढली. मग हिरड्या यंत्रातून निघायला लागल्या, कारखाना बंद पडला, आणि हा घरी बसला.

बसला म्हणजे खरोखरच बसला. भिंतीकडे तोंड करून. जेवायला हाक मारली की उठायचा, जेवायचा, पुन्हा भिंत. वहिनी, म्हणजे त्याची बायको, तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "भाऊजी, माणूस घरात आहे आणि घर रिकामं आहे. भांडलं तरी चालेल हो, पण हे भांडतसुद्धा नाहीत." आणि भांडण हा वहिनीचा प्राण. तिचा आणि शिवणवालीचा खिडकीतून खिडकीत चालणारा वाद ऐकायला लोक चहाचे कप घेऊन गॅलरीत यायचे.

एक दिवस वहिनी बाजारातून एक खोकं घेऊन आली. वर लढाऊ विमानाचं चित्र, आत प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले सुटे भाग. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. तळहातावर मावेल असं. तिनं ते भिंतीच्या आणि त्याच्या मधे ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. जरा वेळानं पॉलिश पेपर घासल्याचा आवाज आला. वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि मी मेल्यानं विचारलं, "किती दात बसवले त्या विमानाला?"

तिथून आम्ही त्याला कॅप्टन म्हणायला लागलो. हात कवळीवर तयार झालेला. दोन अर्धे भाग जोडल्यावर मधली रेघ दिसू द्यायची नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक असल्यासारखं. मॉडेल जोडणाऱ्यांचं एक त्रैमासिक निघतं. त्यात तो परीक्षणं लिहायला लागला. नवीन खोकं बाजारात आलं की संपादक त्याच्याकडे पाठवायचे. हा ते पूर्ण जोडायचा, रंगवायचा, आणि मगच लिहायचा. नुसतं खोकं उघडून लिहिणाऱ्यांवर त्याचा फार राग. "मुलीचा फोटो बघून संसाराचं परीक्षण करतात लेकाचे," म्हणायचा. त्याची लेखणी त्याच्या प्लॅस्टिक कापायच्या बारीक सुरीसारखी. एका विमानाच्या पंखाबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'सांधा इतका सैल, की वैमानिकानं सदरा टाचणीनं लावावा तसा हा पंख लावावा लागेल.' लोक परीक्षणं वाचून खोकी घ्यायचे. नुसती घ्यायचे नाहीत, तो सांगेल तो गोंद, तो सांगेल तो रंग, तो सांगेल तशी खोली. त्याचा शब्द त्या लोकांत शेवटचा. म्हातारपणी असं काही हाताशी लागलं की माणूस त्यावर जगतो.

आता त्या चिकटपट्टीचं सांगतो. मस्टँग नावाचं विमान चंदेरी असतं, धातूच्या अंगाचं. ते रंगवायचं म्हणजे आधी काळा कुळकुळीत चमकदार थर, त्यावर चंदेरी फवारा. ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी तो फोडासारखा दिसतो. आमच्या रस्त्यावर धूळ विचारू नका. म्हणून कॅप्टन फवारायच्या आधी खिडकी पट्टीनं बंद करायचा, जमिनीवर पाणी शिंपडायचा, पंखा थांबवायचा, आणि रंग सुकेपर्यंत दार उघडायचं नाही. हे या नादातले सगळेच करतात. फक्त बाकीचे आपल्या बायकोला खोलीबाहेर ठेवतात.

वहिनी आत का बसायची, हा शिवणवालीचा प्रश्न वावगा नव्हता. मलाही तो पडायला लागला होता, कारण वहिनी बदलली होती. खिडकीतली भांडणं बंद झाली. जिना उतरताना कठड्याला धरून मधेच थांबायची. मी म्हणालो, "काय वहिनी, शिवणवालीला माफ केलंत की काय?" तर हसली, आणि हसताना तिला ढास लागली. ती थांबेचना. शेवटी हातानंच मला 'जा' म्हणाली.

त्याच्या काही महिने आधी कॅप्टनच्या नावाला पहिला डाग लागला होता. ओळीनं काही परीक्षणांत त्यानं एका रंगाला झोडपलं. 'हा रंग सुकतच नाही. पूर्ण सुकला असं पाहून हात लावला तरी अंगठ्याचा ठसा उठतो.' दुसरे लोक म्हणाले, आमच्याकडे तर छान सुकतो. संपादकांनी फोटो मागवला. फोटोत चंदेरी पंखावर कॅप्टनचा अंगठा असा उमटला होता, की पोलिसांना वेगळा घ्यायची गरज नव्हती. मी चिडवलं, "खुनाची कबुली अशी कोणी देतं का रे?"

"सुकला होता रे!" तो कळवळून म्हणाला. "नाकाशी धरून पाहिला."

ही त्यांची सगळ्यांची रीत. रंग सुकला का, हे बोटानं बघायचं नाही, नाही तर ठसा. नाकाशी धरायचं. वास येत असेल तर अजून ओला. वास थांबला की हात लावायला हरकत नाही.

मग अचानक ठसे थांबले. पुढची विमानं आरशासारखी निघाली. कॅप्टन खूश. आणि वहिनी खिडकीबंद खोलीत, टेबलाजवळच्या खुर्चीत बसायला लागली ती तेव्हापासून. मी हे दोन धागे एकत्र जोडले नाहीत. कोणीच जोडले नाहीत.

मध्यंतरी वहिनी थोडे दिवस बहिणीकडे गेली. मोकळी हवा मिळावी म्हणून बहिणीनं ओढूनच नेलं. आणि नेमका तेव्हाच संपादकांकडून एक नवा चंदेरी रंग परीक्षणाला आला. झटकन सुकणारा. डबीवर लिहिलेलं, 'वास कमी.' कॅप्टननं एकट्यानं फवारला, एकट्यानं हुंगला, एकट्यानं लिहिलं आणि पाठवून दिलं. रंग इतक्या लवकर सुकणारा, की ठसाबिसा काही उठला नाही.

अंक आला तो घेऊन मी संध्याकाळी त्याच्याकडे निघालो. त्यातलं त्याचं वाक्य असं होतं: 'वास कमी म्हणणं हा या रंगावर अन्याय आहे. याला वासच नाही. खिडकी बंद करा, बायकामुलांत बसा आणि खुशाल फवारा.'

पहिल्या मजल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावर घसा धरला. त्या जिन्यात रंगाचा थोडा वास नेहमीचाच, पण हा वेगळा होता. गोडसर, आणि डोक्यात खिळा ठोकल्यासारखा. दार कॅप्टननं उघडलं. चेहरा प्रसन्न.

"ये ये! बघ हा रंग. वाचलंस ना?"

मी रुमाल नाकाला लावला. "अरे, वास काय हा!"

"कसला? फिनेल टाकलं असेल खाली," तो म्हणाला. खोटं नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर. काहीच नव्हतं.

आत वहिनी खुर्चीत होती. बहिणीकडून परत आलेली. मला पाहताच तिनं तोंडावरचं फडकं झर्रकन खाली ओढलं आणि गळ्याभोवती रुमालासारखं नीट केलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली. बोलू नका, अशी. तिचे ओठ जांभळट दिसत होते. तो दिव्याचाही दोष असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

कॅप्टन हात धुवायला गेला. त्याची पाठ वळल्याबरोबर वहिनी पुढे वाकली आणि टेबलावरच्या विमानाशी नाक नेऊन तिनं खोल श्वास घेतला. विषाचा पेला नाकाशी धरावा तसा. मग मागे टेकली आणि ढास दाबत मोठ्यानं म्हणाली, "अहो, राहू द्या अजून जरा. ओला वाटतोय."

"बरं!" आतून आवाज आला.

मी तिच्यापाशी गेलो. "वहिनी, हे काय चाललंय?"

"हळू बोला. ह्यांना वास येत नाही, भाऊजी."

"या रंगाचा?"

"कशाचाच. दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, हे शेजारी बसून चाकं चिकटवत होते. मी तेव्हाच ओळखलं. त्या कारखान्यानं खाल्लं नाक. हळूहळू गेलं, म्हणून ह्यांना कळलंच नाही."

"मग सांगा ना त्याला!"

"आणि मग?" तिनं भिंतीकडे बोट केलं. ती भिंत मला माहीत होती. "ह्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नाक गेलंय कळलं की हे स्वतःच संपादकांना कळवतील, टेबल उचलतील आणि तिथं जाऊन बसतील. तो काळ मी एकदा काढलाय. पुन्हा नाही काढवत मला. त्यापेक्षा वास बरा."

"पण तुमचा श्वास, वहिनी..."

"पुरेल," ती म्हणाली. "काटकसरीनं वापरते."

मी अंक तिच्यापुढे धरला. त्या वाक्यावर बोट ठेवलं. तिनं वाचलं. वहिनीला भांडताना, रडताना, खोकताना मी पाहिलं होतं. घाबरलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"मी घरात नव्हते," एवढंच म्हणाली. "हे छापून आलं? लोक खरं मानतील हो."

लोकांनी मानलं. दुसऱ्या गावी एक घड्याळवाला होता, कॅप्टनचा जुना वाचक. त्यानं दुकानामागच्या खोलीची खिडकी पट्टीनं बंद केली आणि कॅप्टननं लिहिल्याप्रमाणे खुशाल फवारा मारला. जेवायला का येत नाही म्हणून सून बघायला गेली, तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून पडला होता. वाचला. पण उजवीकडचं डावीकडे म्हणायला लागला, आणि घड्याळवाल्याला ते परवडत नाही.

संपादक स्वतः आले. मी तिथंच होतो, कारण वहिनीनं मला सारखं येत राहा असं सांगून ठेवलं होतं. दुपारची वेळ. टेबलावर नुकताच फवारलेला मस्टँग, खिडकीला पट्टी, वहिनी खुर्चीत. संपादक दारातच शिंकले, मग खोकले, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"कॅप्टन, हा तोच रंग का?"

"तोच. बसा ना."

"आणि तुम्ही लिहिलंत की याला वास नाही?"

"नाहीच."

संपादक हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी कॅप्टनकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबलं. कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. त्यानं वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीनं फडकं खाली ओढायला हात नेला तो अर्ध्यावरच राहिला.

त्यानं रंग पातळ करायच्या थिनरची बाटली उचलली, झाकण काढलं, नाकाशी धरली. आम्ही तिघांनी तोंडं फिरवली. तो उभाच. बाटली ठेवून स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्याचा आवाज आला, एकामागून एक. बाहेर आला तेव्हा एका हातात चिरलेला कांदा आणि दुसऱ्या हातात साबण होता. दोन्ही त्यानं पुन्हा एकदा आमच्यासमोर हुंगून पाहिले. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच.

"हे फडकं कशाला?" त्यानं वहिनीला विचारलं.

"सर्दी आहे."

"आणि 'राहू द्या अजून जरा' म्हणायचीस ते?"

गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज असलेली वहिनी फडक्याची घडी घालत बसली.

"घड्याळवाल्याचं काय झालं ते सांगा," तो संपादकांना म्हणाला. त्यांनी सांगितलं. कॅप्टन ऐकत ऐकत खिडकीशी गेला आणि पट्टी सोलून काढायला लागला. पट्टीबरोबर रंगाचे पापुद्रे निघत होते. खिडकी उघडली तशी रस्त्यावरची धूळ आत आली, उन्हात दिसत होती, आणि सावकाश त्या ओल्या मस्टँगवर बसली. एरवी अशा वेळी तो झेप घालून विमानावर टोपलं टाकायचा. त्या दिवशी नुसता बघत राहिला.

पुढच्या अंकात त्याचं शेवटचं लिखाण आलं. दोनच वाक्यं. 'मला वास येत नाही. रंग, गोंद आणि थिनर यांच्या वासाबद्दल मी आजवर जे लिहिलं ते वाचकांनी रद्द समजावं.'

वहिनीनं सांगितलं होतं तसंच झालं. टेबल उचललं गेलं. सुरी, फवारा, डब्या, सगळं खोक्यात भरून त्यानं माळ्यावर टाकलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. वहिनी समोर येऊन बसायची, तर हा खुर्ची जराशी फिरवायचा. रागानं नव्हे. तिच्या श्वासाचा आवाज समोरून येतो म्हणून.

आता खोलीत वास नव्हता, हवा होती, पण वहिनीला ती घेता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. एक दिवस ती मला म्हणाली, "भाऊजी, एक खोकं आणून द्या ना. रंग नको. नुसतं जोडू दे त्यांना." मी आणलं. तिनं ते पूर्वीसारखं भिंतीच्या आणि त्याच्या मधे ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ती बराच वेळ कान देऊन होती. पॉलिश पेपरचा आवाज आला नाही.

भर दुपारी अँब्युलन्स आली. जिन्यावरून खुर्चीत बसवून वहिनीला खाली आणलं. या वेळी तोंडावर फडक्याऐवजी नळी लावलेला मुखवटा होता. कॅप्टन मागून कठडा धरून उतरत होता. गल्ली गॅलरीत जमली होती. शिवणवालीनं मशीन थांबवलं. वहिनी मान वर करून तिच्या खिडकीकडे बघत राहिली, आणि शिवणवाली पडदा ओढून आत गेली.

वहिनी हॉस्पिटलातून परत आली नाही.

वहिनीचं दहावं-तेरावं झाल्यावर मी कपडे शिवायला टाकायला गेलो. शिवणवालीनं या वेळी दारही लोटलं नाही. "शेवटी घेतलाच जीव त्यानं," ती म्हणाली. "मी म्हणत नव्हते? तोंड बांधून ठेवायचा. पोलिसांना कोणी सांगत कसं नाही?"

खरी गोष्ट अशी. फडकं वहिनी स्वतः बांधायची. कॅप्टनला वास येत नव्हता, हे तिला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं. रंग सुकला की नाही, हे त्याच्याऐवजी ती हुंगून सांगायची. त्यात तिची फुप्फुसं गेली.